फवारणीच्या दिवशीची चूल

आमच्या बोरी गावातल्या घराला लागूनच दिरांची द्राक्षबाग होती. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. फवारणी असली की ते आधी बांधावरून ओरडायचे, “वैनी, दारं लावा, औषध मारतोय!” अशी हाक आता कुठं ऐकू येते? मग माझी धांदल. वाळत घातलेले कपडे आत आणायचे, रांजण झाकायचा, खिडक्या लावायच्या, दाराखालच्या फटीला ओलं पोतं लावायचं.

माझी धाकटी तेव्हा तान्ही होती, छातीची नाजूक. एवढं करूनही आत तो उग्र वास यायचाच आणि पोर खोकून खोकून लाल व्हायची. माझा सगळा राग फटी पडलेल्या मातीच्या भिंतींवर.

एकदा असंच सगळं लावून मी भाकरी थापत होते. पाळण्यात पोर खोकायला लागली. सासूबाई वर कौलांकडं बघत म्हणाल्या, “अगं, आधी चूल इझव. धूर वर चाललाय, तितकं वारं भायेरनं आत वढलं जातंय. मग फटी बुजवून काय उपेग?”

मी जळती लाकडं ओढून राखेत विझवली. वास हळूहळू कमी झाला आणि पोरीचा डोळा लागला. फवारा थांबून बराच वेळ झाल्यावर सासूबाईंनी दारं-खिडक्या सताड उघडल्या.

दुपारी हे शेतातून आले. “आये, चूल गार? आज उपास हाय का काय?”

“हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या, “लेक निजलीया तुझी. शिळी भाकर हाय टोपलीत.”