पेटी नाखव्यानं आणली

मचव्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा खांदा नाखवा आधी दाबून बघायचा. म्हणायचा, ‘तोंड कायपण सांगतं. खांदा खरा बोलतो.’ तेव्हा आगबोट मिऱ्या बंदराला लागत नसे; दूर समुद्रात थांबे. माणसं, सामान, सगळं त्याच्या मचव्यातून काठाला येई. तुमच्यापैकी कुणी त्या काळातले असाल, तर तुमचाही खांदा त्यानं दाबला असेल.

त्या वर्षी देशाकडे परकी चलनाचा खडखडाट होता. औषधं मिळत नव्हती. मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. घटसर्पानं गळे आवळलेली मुलं खाटांवर तळमळत होती. त्यावरची इंजेक्शनं परदेशानं मदत म्हणून पाठवली होती. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं, बर्फात घालून त्यांची पेटी आली. ती कंपाउंडरच्याच हाती द्यायची, असा हुकूम होता.

दर्या उसळलेला. नाखव्यानं माझा खांदा दाबला.

‘तुमी नको, कंपाउंडर. तुमाला सांभाळू का पेटीला?’

‘पण ते माझ्याच हाती देणार.’

‘मग कोट काढा.’

माझा खाकी कोट त्याच्या लुंगीवर चढला. बटणं लागेनात.

‘सही करावी लागेल, नाखवा.’

‘वाकडी करीन. दवाखान्यातल्या लोकांची सरळ कधी असते?’

मी वाळूत उभा राहिलो. मचवा लाटेआड गेला की डोळे मिटत होतो. अखेर तो छातीभर पाण्यातून, पेटी डोक्यावर धरून आला. ‘पळा!’ एवढंच म्हणाला.

एक मुलगी सोडून सगळी वाचली.

पुढे सत्कारात हार माझ्या गळ्यात पडला. बोटीच्या कागदावर माझंच नाव होतं. खरं सांगायला उठलो, तर मागच्या रांगेतून नाखव्यानं नकारार्थी मान हलवली. बाहेर म्हणाला, ‘नोकरी जायची तुमची. गप ऱ्हवा.’

मला ते सोयीचं पडलं. निवृत्त झाल्यावरही मी गप्पच राहिलो.

नाखवा गेल्याचं उशिरा कळलं. घरी जाऊन त्याच्या मुलापुढे सगळं बोलायला लागलो, तर तो मधेच म्हणाला, ‘ठाव हाय, चाचा. मोहल्ल्यात पोराटोरांना ठाव हाय. बाबानं शपथ घातलेली, भायेर बोलायचा नाय.’

त्याच मोहल्ल्यात मी वर्षानुवर्षं औषधं घेऊन हिंडलो होतो. प्रत्येक घरानं ‘या, कंपाउंडर’ म्हणत मला खुर्ची दिली होती.