फायबरच्या वारुळापुढची पंचमी

काटेवाडीच्या रानाला पाणी एवढं, की संध्याकाळी बांधावर काठी रोवून विसरलात तर सकाळी तिला शेंगा लागलेल्या असतात. हे मी पुण्याच्या पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे गंभीरपणे मान डोलावतात. अशा गावात रिकामी जागा टिकत नाही. आमच्या मळ्याच्या टोकाला एक वारूळ तेवढं टिकलं होतं. ते इतकं उंच, की त्याच्या सावलीत बैलगाडी सोडून जेवायला बसता यायचं. बैल फार मोठे नसले म्हणजे झालं. मागच्या वर्षी माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, पेरूची नवी बाग धरायला जेसीबी बोलावला. ड्रायव्हरचा चहा निवायच्या आत तिथं सपाट रान झालं. नाग काही निघाला नाही. निघाली ती वाळवी, आणि तीही फार चिडलेली दिसली नाही.

चिडायला आत्या होती. ही तात्यांची थोरली बहीण, उजनीच्या काठी पळसदेवला दिलेली. वय सत्तरीच्या घरात. तात्या रांगत होते तेव्हा त्यांच्या अंगावरून नाग गेला आणि काही न करता गेला. तेव्हापासून नागचतुर्थीला भावासाठी उपास धरायचा, पंचमीला माहेरी येऊन त्याच वारुळाला लाह्या-दूध वाहायचं आणि मगच उपास सोडायचा, हा तिचा नेम. त्या वर्षी पंचमीला ती आली, थाळी घेऊन मळ्यात गेली, वारुळाच्या जागी पेरूची रोपं बघून भरलेली थाळी घेऊन परत आली आणि ओसरीवर बसली.

तात्यांनी भिंतीवर चंदनाचा नाग काढून द्यायची तयारी दाखवली. सगळा मुलूख तसंच करतो म्हणाले. कुंभाराकडचा मातीचा नाग आणतो म्हणाले. आत्या भिंतीकडे बघत राहिली. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं आणि रक्तदाबाची गोळी रिकाम्या पोटी घेत नाही म्हणून तीही राहिली होती. पुरणाची दिंडं उकडून तयार होती, पण त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. दुपार होत आली तशी ती खांबाला टेकली. तात्यांनी ते पाहिलं आणि मला गाडी काढायला सांगितली.

वारूळ शोधत आम्ही तिघं थेट कळंबपर्यंत गेलो. वाटेत ऊस, केळी, मका, आणि कंटाळा आला की पुन्हा ऊस. एका बांधाला तात्यांनी लांबून वारूळ ओळखलं. गाडी थांबवून, दोन सऱ्या चिखल तुडवून ते विजयी मुद्रेनं तिथं पोचले, तर तो शेणखताचा ढीग. तरी आत्याला हाक मारावी का, याचा त्यांनी क्षणभर विचार केलाच.

परतताना मला बारामतीतलं नवं निसर्ग संग्रहालय आठवलं. तिथं आपलं माळरान छताखाली उभं केलंय. बटण दाबलं की लांडगा केकाटतो. तो आवाज असा खरा, की पहिल्या आठवड्यात आसपासच्या शेळ्यांचं दूध आटलं, असं मी ऐकलंय. माझ्याच तोंडून ऐकलंय, पण ऐकलंय. आणि तिथं एक वारूळ आहे.

तिकिटं काढून आत गेलो. उजनीच्या पाणथळीत रोहित पक्षी उभे होते. ही पाखरं परसात फुकट दिसतात, असं म्हणून आत्या न थांबता पुढं गेली. वारूळ कोपऱ्यात होतं. एका अंगानं कापलेलं, आतले बोगदे आणि राणी वाळवी दाखवणारं. दुसऱ्या अंगानं अख्खं. जवळ कुणी हललं की सेन्सर लागतो, भोकातून नाग वर येतो, फणा काढून फुत्कारतो आणि खाली जातो. हे तात्यांना ठाऊक नव्हतं. बहिणीला वारूळ दाखवायला ते पुढं झाले, नाग उठला, आणि वारूळ पाडताना जेसीबीपुढं छाती काढून उभा राहिलेला माणूस मागच्या मागं फायबरच्या तरसाच्या मांडीवर जाऊन बसला. शाळेची पोरं आली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं वारुळावर बोटं वाजवली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

तोवर तिथली मार्गदर्शक मुलगी धावत आली. तिनं अदबीनं सांगितलं की आजी, दूध घालू नका, आत वायरी आहेत. कुंकू लावू नका, रंग जातो. लाह्याही नकोत, मुंग्या लागतील. वारुळाला मुंग्या लागतील ही काळजी मी जगात पहिल्यांदा ऐकली. आत्यानं हट्ट केला नाही. थाळी खाली ठेवली आणि भावाला म्हणाली, "बस हितं."

"मी कशाला? बायकांचं काम हाय त्ये."

"मोडाया बाई गेली व्हती का?"

तात्या बसले. त्यांनी हात जोडले की नाग उठे, हात थांबले की खाली जाई. तो शांत झाल्यावर आत्यानं सांगितलं, की मळ्याचा तो कोपरा सोडायचा. नांगर नाही, पाणी नाही, औषध नाही. भावानं हे कबूल केलं तरच ती घास घेणार.

तात्या पेरूचा बाजार कोळून प्यालेले. व्यापारी त्यांचा आवाज ऐकून फोन बंद करतात. त्यांनी टोपलीएवढ्या जागेपासून सुरुवात केली. आत्या पेरूच्या अख्ख्या ओळीवर अडून बसली. तात्यांनी हात हलवून हिशेब मांडावा आणि नागानं मध्येच उठून फूस करावं, असा तो सौदा चालला. मार्गदर्शक मुलगी पोरांना लांडग्याकडे न्यायचं विसरून तिथंच उभी राहिली.

शेवटी तात्या काकुळतीला आले. "आक्का, चार झाडं बसत्यात तितं."

"आन् भाऊ किती बसत्यात?"

तात्या हलले नाहीत, म्हणून नागही उठला नाही. मग तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या काडतो झाडं. आज पंचमीचं खणायचं न्हाय."

आत्यानं वारुळाला नमस्कार केला. लाह्या तिनं बाहेर आवारातल्या कडुलिंबाखाली वाहिल्या. घरून डब्यात आणलेल्या दिंडाचा पहिला तुकडा भावाच्या हातावर ठेवला, दुसरा आपण खाल्ला आणि गोळी घेतली. तात्यांनी पुरण अगोड झाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चारही रोपं निघाली. कोपऱ्यात अजून वारूळ उठलेलं नाही. वाळवीला कुणी आवतण देऊ शकत नाही. या उन्हाळ्यात मात्र टिटवीनं तिथल्या मुरमात अंडी घातली. तात्या रोज ती बघायला जातात आणि रोज तिच्या शिव्या खाऊन, डोकं सांभाळत परत येतात. तो तुकडा पड का टाकला, असं कुणी विचारलं तर सांगतात, तिथं ट्रॅक्टर वळत नाही. मी मोजून पाहिलंय. तिथं हत्ती वळेल, मागं वरात घेऊन.