विहिरीला दिलेली धुरी

वटवाघळाच्या अंगावर एक माशी असते. तिला पंख नसतात. केसांतून ती कोळ्यासारखी तिरकी पळते आणि जन्मभर त्याच्याच रक्तावर जगते. घाटातल्या जंगलातल्या गुहांमध्ये आणि इकडे ऊसपट्ट्यातल्या जुन्या विहिरींमध्ये या माशा कमीजास्त आहेत का, हे पाहणं माझं काम. गुहेत मला कुणी काही विचारत नाही. इकडे लासुर्णे गावात विचारतात.

तिथली विहीर तात्या नावाच्या शेतकऱ्याची होती. बोअर घेतल्यापासून ती पायऱ्यांची विहीर पडून होती आणि तिच्या कपारींत वटवाघळं राहत होती. शेजारी पेरूची बाग, त्यामुळे तात्या त्यांना चोर म्हणायचे. मला मात्र केव्हाही यायची मोकळीक होती. माझी शाळा इंग्रजीत झाली, म्हणून मी मराठीत बोलताना आधी मनात वाक्य जुळवते. तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. म्हणून बोलायचे तेच.

एका संध्याकाळी मी विहिरीवर लावलेल्या जाळ्यात एक मादी आली, पोटाला पिल्लू. मी चिमट्यानं माशा काढत होते. तात्या वाकून बघायला लागले.

“आगं, ही तर गोचीड हाय!”

“माशी आहे, तात्या.”

“पंख न्हाईत आन् माशी? व्हय गं, इंग्रजी शाळंत आसंच शिकिवत्यात का?”

मी हसले. तेवढ्यात एक माशी पिल्लाच्या कानामागे शिरली आणि तात्या आणखी खाली वाकले. “ल्हान जिवाला बी सोडंना. लई चावत आसंल.”

“हो,” मी म्हणाले. पण वटवाघळं त्यांच्यासकट नीट जगतात, हे वाक्य जुळेपर्यंत ते मोटार बंद करायला निघून गेले होते.

पुढच्या खेपेला दुपारीच पोचले. विहिरीतून धूर येत होता. तात्या काठावर उभे, चेहरा खुललेला.

“ये, ये! तुज्या माशांचा बंदोबस्त केला. गोठ्यात गुरांना देतो तशी धुरी दिली. गवऱ्या आन् लिंबाचा पाला. आता मोकळी व्हत्याल बिचारी.”

वर रणरणत्या उन्हात वटवाघळं सैरभैर फिरत होती. काही पेरूच्या झाडांवर आदळत होती. घारी आल्या होत्या. मी पायऱ्या उतरून धुमसत्या गवऱ्यांच्या घमेल्यात पाणी ओतलं. धूर आणखी दाट झाला. वरून काकूंचा, तात्यांच्या बायकोचा, आवाज आला, “अवो, पिल्लं पडत्यात की खाली!”

मी वर आले तेव्हा तात्या मान वर करून बघत होते.

“येत्याल न्हवं गं माघारी? सांजच्याला?”

या वेळी ‘नाही येणार’ हे वाक्य तयार होतं. पण त्यांच्याकडे बघून ते बोलवेना.

ती आली नाहीत. काही दिवसांनी मी एकटीच विहिरीत उतरले. या माशीची मादी अंगावरून तेवढ्यापुरती उतरते आणि कोष दगडाला चिकटवून परत जाते. ते काळे ठिपके धुरातूनही वाचले होते. काही फुटले होते. नव्या माशा रिकाम्या कपारीत इकडून तिकडे पळत होत्या. रक्त मिळालं नाही तर त्या फार टिकत नाहीत.

मी हात टेकला, तर उबेला एक माशी हातमोज्यावर चढली. बोटांच्या बेचक्यांतून ती केस शोधत फिरत राहिली. काठावरून तात्यांनी विचारलं, “हाय का गं कुणी?”

मी हात तसाच धरून उभी राहिले.