एका घोंगडीतला वाफारा

नातसुनेनं आज वाफाऱ्याच्या पाण्यात ओवा टाकला, आणि त्या वासासरशी मी महाल भागातल्या सासरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, माझ्या लग्नाला महिना झाला होता आणि मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. दोघांनाही सर्दी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एकाच घोंगडीत बसा, पाणी थंडं होऊन राहिलं."

आत वाफ डोळ्यांना झोंबली. "काहून रडून राहिली वं?" यांनी हळूच विचारलं आणि मला हसूच फुटलं.

नाकं दोन दिवसांत मोकळी झाली, पण आम्ही दोघंही चोंदलेलीच सांगत राहिलो. चौथ्या दिवशी घोंगडीत ओव्याचा वासच येईना. पातेल्यात नुसतं गरम पाणी होतं. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "बसा निवांत, घाई नाही काही."