देहाची डावी बाजू

आमचे हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात एकतीस वर्षं शिपाई होते. काम काय, तर पोरांना शिकायला टाकीत ठेवलेले मृतदेह काढून टेबलावर ठेवायचे, हाडांवरची धूळ झटकायची, फरशी फिनाइलने पुसायची. पण रुबाब असा, की सगळे प्राध्यापक जणू यांच्याच हाताखाली! पहिल्या वर्षाची पोरं कावरीबावरी होऊन आत आली की हे भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहायचे. नजर समोर, हात खाली सोडलेले, तळवे पुढे. "माणूस झोपलेला असला तरी असाच उभा आहे असं समजायचं. आणि डावं म्हणजे त्याचं डावं. तुमचं नाही!" पोरं यांना मामा म्हणायची. मामांचं ऐकलं की पास व्हायची म्हणे.

ठीक आहे. पण ही विद्या घरी कशाला आणायची?

"अहो, साखरेचा डबा कुठे ठेवलात?"

"कपाटाच्या डाव्या बाजूला."

मी डावीकडे चाचपतेय, तर हाताला साबण. "कपाट तुझ्याकडे तोंड करून उभं आहे ना? मग त्याचं डावं म्हणजे तुझं उजवं." कपाटाला तोंड असतं हे मला लग्न झाल्यावर कळलं. पाठ खाजवा म्हटलं, तर आधी चौकशी. "मीडियल की लॅटरल? म्हणजे मधल्या रेषेकडे की बाहेरच्या अंगाला?" तोवर खाज कंटाळून निघून जायची. मी कशालाही डावं म्हटलं की यांची मान नकारार्थी हललीच म्हणून समजा. रोज कोण डोकं फोडून घेणार? मी डावं-उजवं बोलणंच सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा पार गेला. जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. सांधा बदलायचं ठरलं. सर्जन निघाला यांचाच जुना विद्यार्थी. मग काय विचारता! दवाखान्यात आल्यापासून हे प्रत्येक नर्सला सांगत सुटले, "मीच शिकवलंय त्याला."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर पेन घेऊन आला. ज्या गुडघ्याला हात लावायचा त्यावर खूण करतात. मी खाटेवर आडवी, चादर मांडीपर्यंत वर. हे पायथ्याशी, खाटेचा दांडा घट्ट धरून.

"मामी, कुठला गुडघा?"

मी तोंड उघडायच्या आत हे ओरडले, "उजवा!"

डॉक्टर थबकला. "फाइलमध्ये डावा आहे, मामा."

"फाइल कारकुनाने लिहिली असेल. मी रोज बघतोय. उजवा!"

पेन माझ्या धडधाकट गुडघ्यापाशी येऊन थांबलं. बिचारा गुरूपुढे गडबडलाच. "मामी, तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

आणि मला सांगता येईना! दुखतोय कुठला ते मला चांगलं ठाऊक. पण त्याला यांच्या पुस्तकात काय म्हणत असतील? इतकी वर्षं मी डावं म्हटलेलं एकदा तरी बरोबर निघालं होतं का? चुकीचा शब्द गेला तर चांगला पाय कापतील. मग मी यांचाच धडा मनात घोकला. ताठ उभा माणूस, तळवे पुढे. डावं म्हणजे त्याचं, ज्याचा देह आहे त्याचं.

अगं बाई! देह तर माझाच आहे की!

"डावा!" मी अशी ओरडले की नर्स धावत आली. "माझा डावा तोच देहाचा डावा! आता तरी मान हलवू नका!"

यांनी मान हलवली नाही. मागे सरकून भिंतीला पाठ लावली, तळवे पुढे केले, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा पांढराफटक पडला.

"मी माझ्या बाजूने सांगितलं गं," हे म्हणाले. "माझ्या उजव्या हाताला होता म्हणून."

"तुम्ही? तुम्ही असं सांगितलंत?"

"इतक्या वर्षांत त्या टेबलावर माझं माणूस कधी नव्हतं."

मी यांची चांगली खरडपट्टी काढणार होते, पण माझेच डोळे भरून आले. डॉक्टरने डाव्या गुडघ्यावर मोठा बाण काढला. मी हात पुढे केला, तो यांनी धरला. डावा की उजवा, ते विचारलं नाही.