कॅम्प चारमध्ये प्यायलेलं अर्धा ग्लास पाणी

सेवेच्या कामाला जायचं मनात आहे? जरूर जा. पण निघण्याआधी बरोबरच्या माणसांना आपलं खरं काय ते सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुठे बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मला दिवस गेलेत हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. उल्हासनगरात काविळीची साथ होती आणि आमच्या शेजारच्या मीनाताई तिथे पाणी तपासायला जायच्या. म्हणाल्या, "दुपारी घरात बायकाच असतात, पुरुषमाणसाला कोण आत घेतंय? तू चल." नाही म्हणायला कारण हवं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. मूग गिळून निघाले.

बदलापूरहून रिक्षाने अंबरनाथ, तिथून दुसरी रिक्षा उल्हासनगरच्या कॅम्प चारला. रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे, मी सारखी "भाऊ, हळू" म्हणत होते. रिक्षात मीनाताई शिकवत होत्या, "गरोदर बाईला कावीळ म्हणजे जिवाशी गाठ, हे घरोघरी सांगायचं." मी मान डोलावली. उतरल्यावर दाल-पकवान खाल्लं. स्वस्त आणि पोटभर, आजही गेलात तर सोडू नका. पाणी मात्र आपलं न्या.

पहिल्याच घरात सिंधी अम्मांनी पापड आणि पाण्याचे ग्लास पुढे केले. आल्यागेल्याला हे आधी, बाकी सगळं नंतर. "पहले पानी पियो बेटी, बात बाद में." शेजारी त्यांची सून कविता बसली होती, सातवा महिना. मीनाताईंनी सराईतपणे नुसता पापड उचलला. मला मेलीला नाही म्हणवेना. अर्धा ग्लास प्यायले.

मग नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. आला नाही. पुन्हा टाकले, तरी नाही. मीनाताईंनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. नळाचा पाइप उघड्या गटारातून येत होता. 

"पानी उबालो, अम्मा," मीनाताई म्हणाल्या.

"अरे, बरसों से यही पी रहे हैं," अम्मा हसल्या.

"अम्मा, मैं पेट से हूँ," माझ्या तोंडून निघून गेलं. "अभी यही पानी पिया. मुझे बहुत डर लग रहा है."

मीनाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. अम्मांचं हसू मावळलं. त्यांनी कविताच्या हातातला ग्लास काढून घेतला, मोरीत ओतला आणि स्टोव्ह पेटवला.

घरी नवरा आधी चिडला, मग घाबरला. बल्बच्या उजेडात डोळे पिवळेच दिसायचे, म्हणून रोज सकाळी मला गॅलरीत उभी करून पापणी ओढून बघायचा. उलटी झाली की ती डोहाळ्यांची की काविळीची, या विचारानेच जीव अर्धा व्हायचा. असे कित्येक आठवडे काढले. मला कावीळ झाली नाही.

सासूबाईंनी डोहाळजेवणाचा घाट घातला त्या सुमारास मीनाताई आल्या. खाली बघत म्हणाल्या, "कविताला कावीळ झाली होती. ती वाचली. बाळ गेलं." स्टोव्ह पेटायच्या आधीच तिच्या पोटात काय ते गेलं असणार.

मी खूप रडले. रडता रडता माझं बाळ पोटात हललं, आणि मला बरं वाटलं. अगदी त्याच क्षणी. माझ्या लेकीलाही आता लेक झाली, तरी त्या बरं वाटण्याची मला अजून भीती वाटते.