बाहुलीच्या कानातलं यंत्र

सुईमावशींनी कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या. अख्खा शर्ट कधी हाती आला नाही. मग बालवर्गात मदतनीस म्हणून लागल्यावर बाईंनी विचारलं, “मुलांच्या बाहुल्या शिवाल का?” तेव्हा त्या हरखूनच गेल्या. प्रत्येक मुलाची एक बाहुली, हुबेहूब त्याच्यासारखी. सकाळी आल्या आल्या ती टोपलीतून उचलून भिंतीवरच्या आपल्या खिशात ठेवली, की झाली हजेरी.

एकोणीस खिसे रोज भरायचे. विसावा रिकामाच. तो खिसा श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीचा. ती आपली बाहुली हातातही घेत नव्हती.

“नवीन आहे, रुळेल,” बाई म्हणाल्या. पण मावशींना चैन पडेना. त्याच बाहुलीत त्यांनी सगळ्यांत जास्त जीव ओतला होता. पोरीला कोणी चिडवू नये म्हणून यंत्र गाळून कान दाट केसांखाली झाकले होते.

एका दुपारी त्या तिच्यासमोर फतकल मारून बसल्या, तिला ओठ दिसतील अशा.

“का गं राणी, आवडली नाही बाहुली?”

“ती मी नाहीच. तिला ऐकू येतं.”

मावशींच्या ध्यानात आलं. लपवण्यासारखं काही आहे, हे आपणच तर पोरीला सांगून बसलो! त्यांनी कात्री घेतली आणि बाहुलीचे केस कापून कान मोकळे केले.

“कुठल्या कानाला लावू?”

“उजव्या. पण मावशी, शिवू नको! झोपताना काढतात. अंघोळीला पण.”

“बरं बाई, तुझंच खरं.”

मावशींनी चिंधीचं इवलंसं यंत्र करून ते टिचबटणानं कानावर बसवलं. मुलीनं ते काढलं, दाबलं, पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं. मग बाहुलीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “येतंय का ऐकू?” आणि उठून तिला खिशात ठेवून आली.

“मला पण तसलं बटण!” एक मुलगा ओरडला.

“तुला ऐकू येतं ना? मग गप बस,” ती म्हणाली.

“पण मावशी, माझे दोन दात पडलेत. माझ्या बाहुलीला सगळे आहेत!”

त्याच्यामागून एक अबोल मुलगी पुढं सरकली. आपली बाहुली मावशींच्या मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, “ही गोरी आहे. मी चहासारखी आहे.”

“किती दुधाचा गं?”

“कमी.”

मावशींनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि तिचं मनगट हातात घेऊन एकेक तुकडा त्याला लावून बघू लागल्या.